उतार वर्ज्य

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सायकल हे वाहन केवळ चढ चढण्यासाठी जन्माला आले आहे. उतार उतरण्यासाठी परमेश्वराने माणसाला पाय दिले आहेत. या दोहोंत गल्लत करणाऱ्या इसमास पुढील सहलीला नेले जाणार नाही, आणि त्याला दहीभात मिळणार नाही.

हा फतवा माझा नव्हे. तसा आळ माझ्यावर कृपा करून कोणी घेऊ नये. हा आमच्या चेन्नईच्या घरमालकांचा. प्रत्येक सहलीच्या आदल्या संध्याकाळी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहत, वर आमच्या गॅलरीकडे तोंड करत आणि हा मजकूर खड्या आवाजात ऐकवत. मी गॅलरीत ओला टॉवेल वाळत घालत असे. समोरच्या घरातली मंडळी खिडकीत येत. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला काहीतरी दटावलं जातंय एवढं सगळ्यांना कळायचं.

चेन्नईत वडीलधाऱ्या जोडप्याला मामा-मामी म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही म्हणे. मामा बँकेतून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, कपाळावर गंधाची एक बारीक रेघ. पेरुंगुडीतलं त्यांचं दुमजली घर सगळीकडे दलदल आणि भातशेती होती तेव्हा बांधलेलं. मग कॉम्प्युटरची ऑफिसं आली, ऑफिसांच्या मागून मोटारी आल्या, आणि मामांना मोटार या वस्तूचा जो तिटकारा बसला तो बसलाच. मुख्य रस्त्यावर हॉर्न वाजला की ते पेपर खाली ठेवत आणि हॉर्न थांबेपर्यंत वाट बघत. त्या रस्त्यावर हॉर्न थांबत नाही. त्यामुळे मामांचा पेपर वाचून कधी पुरा झाल्याचं मला आठवत नाही.

मी ज्या दिवशी घर बघायला गेलो, त्या दिवशी मी भाड्याचं विचारलं, पाण्याचं विचारलं, डासांचं विचारलं. त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते माझ्या पोटऱ्यांकडे बघत होते.

"गांव कोणतं?"

"सातारा."

"म्हणजे डोंगर आहेत."

"आहेत ना. चारी बाजूंनी."

"सायकल येते?"

"शाळेत असताना चालवायचो."

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक. "घर तुमचं."

आमच्या हिने अजून स्वयंपाकघरही पाहिलेलं नव्हतं. आपला नवरा पोटऱ्यांच्या जोरावर घर मिळवून आला, हे तिला आजतागायत पटलेलं नाही.

त्या दिवसापासून मी 'सातारा' झालो. "काय सातारा, आज ऑफिस नाहीं?" माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे आमच्या ऑफिसातला एक तरुण पोरगा माझ्याबरोबर सहलीला येऊ लागला, तो 'नागपूर' झाला. मामांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांच्या फौजेबरोबर तंजावरला उतरले होते. पायीच उतरले असणार, मला शंका नाही. त्यांच्या घरात अजून तीच जुनी मराठी चाले, मधूनमधून तमिळ घातलेली, आणि तमिळच्याच हेलात म्हटलेली. तीच खरी आणि आमची ती बाटलेली, असं त्यांचं मत होतं. माझ्या पहिल्या आठवड्यातच मामींना त्यांनी माझ्या देखत सांगितलं, "चांगला माणूस आहे. भाषा बिघडलेली आहे, त्याचा दोष नाहीं."

आता सहलींबद्दल. मामांना डोंगरातून सायकलने भटकायचं वेड होतं, आणि त्या वेडाला एक अट होती. रस्त्यावर मोटार नको. कमी मोटारी नव्हेत, मोटारच नको. असा रस्ता भारतात शोधणं म्हणजे काय काम आहे, ते मी जवळून पाहिलं आहे. नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. नकाशा काढणारा मोटारीतून गेलेला असतो, असं ते म्हणत. ते घाटाच्या पायथ्याच्या चहावाल्याचा नंबर कुठून तरी मिळवत आणि त्याला फोन करत. इकडे बस येते का? दूधवाला कशावरून येतो? लग्नसराईत काय होतं? चहावाला बिचारा आधी आदराने उत्तरं देई, मग हा माणूस सरकारी असावा असं वाटून घाबरे, आणि मग फोन उचलणं बंद करे. एकदा त्यांनी इतका निर्मनुष्य रस्ता शोधून काढला की तो तिथे नव्हताच. आम्ही चौघं दिवसभर घाणेरीच्या जाळ्यांतून सायकली डोक्यावर घेऊन चाललो. संध्याकाळी ओरबाडलेल्या हातांनी काटे काढत बसलो असताना मामा तृप्त आवाजात म्हणाले, "पण एक तरी मोटार आली कां?"

बरं, चेन्नई ताटासारखी सपाट. चढाचा सराव करायचा कुठे? मामांनी उपाय काढला. दर रविवारी सकाळी ते आमच्या ऑफिसच्या इमारतीत जात. तिथे मोटारी ठेवायला मजल्यावर मजले आहेत, आणि वर जायला गोल गोल फिरत जाणारा रॅम्प आहे. रविवारी तो रिकामा. वॉचमनला त्यांनी काय सांगितलं ते देव जाणे, पण तो त्यांना सलाम करून आत सोडायचा. मामा अगदी वरच्या मजल्यापर्यंत पेडल मारत जायचे आणि सायकल हातात धरून चालत खाली यायचे. पुन्हा वर पेडल मारत, पुन्हा खाली चालत. एका सोमवारी इमारतीच्या मॅनेजरने मला बोलावून कॅमेऱ्यातलं चित्रीकरण दाखवलं.

"सर, हे तुमचे नातेवाईक आहेत असं वॉचमन म्हणतो."

"घरमालक आहेत."

"त्यांची सायकल खाली येताना बिघडते का? दर वेळी?"

तत्त्व आहे, असं मी म्हणालो. त्या माणसाने मला पाण्याचा ग्लास दिला.

हेच ते तत्त्व. मामा उतारावर सायकलवर बसत नसत. घाट कितीही लांब असो, ऊन असो, पाऊस असो, माथ्यावर दहीभात झाला की मामा सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरत आणि चालू लागत. ब्रेक दाबत दाबत, सामानाने लादलेली ती सायकल म्हणजे ओढाळ बैल असावा तशी मागे खेचत. "चढावर तुम्ही सायकल चालवतां," ते मला समजावून सांगत. "उतारावर सायकल तुम्हांस नेते. बँकेत मी इतकीं वर्षं काढलीं, मज कोणी नेलेलं नाहीं."

नागपूरने पहिल्याच सहलीत भाबडेपणाने विचारलं, "मामा, तुम्हाला उताराची भीती वाटते का?"

मामा थांबले. सायकल स्टँडवर लावली. "भीती? अरे पा, मी वसुलीच्या खात्यांत होतों. लोक मला पाहून भीत."

त्या सहलीत नागपूरला लोणचं मिळालं नाही.

माझी स्वतःची पहिली सहल तर अजून अंगावर काटा आणते. मी साताऱ्याचा. आमच्याकडे घाट उतरणं ही काही शिकायची गोष्ट नाही, शाळेतून घरी यायचं साधन आहे. माथ्यावर पोचलो, वारा लागला, समोर तो नागमोडी रस्ता उलगडत गेलेला पाहिला आणि मी ब्रेकवरची बोटं सैल सोडली. काय सांगू तुम्हाला. वळणामागून वळण, कानांत वारा, खाली झाडांचे शेंडे, आणि एकही मोटार नाही. पायथ्याशी आलो तेव्हा मी चौदा वर्षांचा झालो होतो. मग लक्षात आलं की डबे वर मामींच्या पिशवीत आहेत. मी बसलो. सावली सरकली, मी सरकलो. पोटात कावळे ओरडून ओरडून थकले. दुपार उतरायला लागली तेव्हा वळणावर दोन माणसं दोन सायकली धरून हळूहळू येताना दिसली. मामा जवळ आले, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या गाडीत तांबरम स्टेशन येईपर्यंत बोलले नाहीत. तांबरमला म्हणाले, "वर जें कमावलंत, तें खालीं उधळलंत."

पुढच्या सहलीपासून मीही चालत उतरू लागलो. का? मला माहीत नाही. माझ्या हातात चाकं होती, पुढे उतार होता, डोक्यात मेंदू होता, आणि मी सायकल धरून चालत होतो. नागपूर चालत होता. त्याच्या त्या महागड्या सायकलवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलेलं होतं, ते दर थोड्या वेळाने टुंग वाजवून विचारायचं की प्रवास संपला का. आम्ही दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

चालताना आणखी एक नियम होता. इंजिनाचा आवाज आला तर सगळ्यांनी सायकली कडेला लावायच्या आणि रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं, मोटार दिसेनाशी होईपर्यंत. बहिष्कार. एका घाटात लग्नाची जीप आली. आम्ही चौघं दरीकडे तोंड करून ओळीने उभे. जीप थांबली. मागून दुसरी आली, तीही थांबली. मग वनखात्याचा माणूस मोटरसायकलवरून आला, त्याने आमच्या पाठींचं निरीक्षण केलं आणि अत्यंत सौम्यपणे तमिळमध्ये विचारलं, "अय्या, तुमच्या मागण्या काय आहेत?"

मामा तोंड न वळवता म्हणाले, "तुम्ही जा."

"मी वर कळवतो," तो म्हणाला, आणि गेला. नवरदेवाने जीपमधून आमचा फोटो काढला. कुठेतरी कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये माझी पाठ आहे.

आता तुम्ही विचाराल, मामी काय करत? मामी येत. प्रत्येक सहलीला येत, आणि मागे राहत. बुटक्या, गोल, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, सलवार-कमीजवर शर्ट घातलेला आणि डोक्याला मामांचा जुना रुमाल बांधलेला. चढावर त्या संथ, न थांबता, गिरणीसारख्या पेडल मारत. मामा दर वळणावर थांबून श्वास आणि सुविचार सोडत, तेवढ्यात त्या येऊन पोचलेल्या असत. उतारावर त्या मामांच्या मागे आपली सायकल धरून चालत. त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नाही. "सरी," "वाढूं कां?" आणि "सांडगी मिरची संपली," एवढंच त्या सहलीभर बोलत. घाट उतरून आलं की त्या कडेला बसून दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत. मामा म्हणत, "हिला सवय आहे." मामी तेलाच्या बाटलीचं बूच लावत.

शेवटी जे व्हायचं ते झालं. मामांचे गुडघे गेले. आधी जिना उतरताना कुरकुर, मग देवघरात बसता येईना, मग एके सकाळी ते बाथरूमच्या उंबऱ्याला धरून उभे राहिले ते तिथेच. त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट, अडयारला राहते. तिच्या दवाखान्यात त्यांना घेऊन जायचं काम माझ्यावर आलं. मामी बरोबर होत्या. मुलीने आपल्या अप्पांना, म्हणजे मामांना, टेबलावर झोपवलं, गुडघे हलवून पाहिले, दाबून पाहिले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हें सायकलीनें होत नाही," ती मला म्हणाली. "सायकलवाल्यांचे गुडघे असे नसतात. हे हमालाचे गुडघे आहेत. ओझं घेऊन जिने उतरणाऱ्या माणसाचे. अप्पा काय करतात तिकडे?"

मामा छताकडे बघत होते. मामी आपल्या चपलांकडे.

मला गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसलो नाही. वर्षानुवर्षांची चाल माझ्या तोंडाशी आली होती. मी म्हणालो, "ते घाट पायी उतरतात. सायकल हातात धरून. नेहमी."

"नेहमी म्हणजे?"

"नेहमी म्हणजे नेहमी."

तिने मामांचा पाय हळूच टेबलावर ठेवला. मग तिने आईकडे वळून विचारलं, "अम्मा, तूं पण?"

मामींनी मान हलवली. मुलीने वाकून आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, वाटी थोडी हलवली, आणि मामींनी ओठ मिटून घेतले. त्या दोन्ही गियरच्या सायकली याच मुलीने त्यांना साठीच्या समारंभात दिल्या होत्या, हार घालून. आता तिने बसल्या जागी निकाल दिला. औषध, व्यायाम, मग बरं वाटल्यावर एक सहल. त्या सहलीत अप्पा घाट सायकलवर बसून उतरले, तर सायकली राहतील. पायी उतरले, तर दुसऱ्या दिवशी ती दोन्ही सायकली घेऊन जाईल. "दोन्ही," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही चाललां तर अम्मा चालणार, मला माहीत आहे." साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. पायथ्याला पोचल्याबरोबर मी तिला फोन करायचा. "आणि खोटं सांगू नका," ती माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली. "तुमची मान दुखते, ती माझ्याकडेच येणार आहे."

घरी येताना मामा माझ्याशी बोलले नाहीत. ते कुठल्या स्टेशनावर बोलतील याचा अंदाजही येत नव्हता, कारण आम्ही रिक्षात होतो.

पुढचे कित्येक आठवडे मामा गुडघ्याला रबराचा पट्टा बांधून पाय वर-खाली करत मोठ्याने मोजत, आणि मी जिन्यावरून जाऊ लागलो की मोजणं थांबवत. मामी दुसऱ्या खोलीत तोच व्यायाम करत, न मोजता. एकदा मी दळण आणायला निघालो होतो, तर मामी अंगणात आपली सायकल पुसत होत्या. पुसत होत्या म्हणजे पुसून झालं होतं, तरी पुसत होत्या. "हिला नेऊन ती कोणाला देईल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नेणार नाही, मामा ऐकतील. मामींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दळणाचा डबा उचलला आणि निघालो.

सहलीचा दिवस आला. जव्वादूच्या डोंगरांत एक जुना घाट आहे. नवा रस्ता झाल्यावर जुन्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी दांडा लावून तो मोटारींना बंद केलेला. मामांनी त्यासाठी तीन चहावाल्यांना छळलं होतं. सायकली पायथ्यापर्यंत छोट्या मालटेम्पोतून आल्या, ज्याला आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात आणि तमिळमध्येही कुट्टी यानै, म्हणजे छोटा हत्तीच म्हणतात. दोन राज्यांचं एकमत झालेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. टेम्पोवाला म्हणाला, मी इथेच चहाच्या टपरीवर थांबतो. मामांनी त्याच्या इंजिनाकडे पाठ केली.

चढ सुंदर झाला, ते कबूल केलं पाहिजे. रस्त्यावर चिंचेचा पाला पडलेला, फटींतून गवत उगवलेलं, माकडं मधोमध बसलेली. मामा हळू चढले, पण चढले. माथ्यावर देवळाचा एक चौथरा होता, तिथे दहीभात झाला. लोणचं नागपूरलाही मिळालं. मला वाटलं, माणूस बदलला.

मामांनी हात धुतले, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि चालू लागले.

"मामा," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"सायकली जातील."

"जाऊं देत. वेण्डाम. नको मला. एक गोष्ट मी जन्मभर पाळली, ती एका मुलीच्या सांगण्यानें सोडूं?"

"तुमचीच मुलगी आहे."

"म्हणूनच. दुसऱ्याची असती तर ऐकलं असतं."

नागपूर मध्ये पडला. "मामा, इथे गाड्या नाहीत, रस्ता मोकळा आहे, मी पुढे राहतो, साताराकाका मागे राहतील. नुसतं ब्रेक धरून बसायचं."

"मज शिकवूं नको, नागपूर."

दहा-वीस पावलं गेले असतील आणि त्यांचा गुडघा मुडपला. पडले नाहीत, कठड्याला धरलं आणि त्यावर बसले. चेहरा पांढरा झाला होता. मी पाणी दिलं. आता तरी, असं मी म्हणणार होतो, तर त्यांनी हात वर केला आणि एक संपूर्ण व्याख्यान दिलं. वेग म्हणजे काय, मोह म्हणजे काय, आजकालच्या लोकांस सगळं खालीं जातांनाच कसं हवं. बसल्या बसल्या, फुटलेल्या कठड्यावर, एक पाय सरळ ताणून. मी चाळिशी कधीच ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, रजा टाकून, गाडी बदलून, त्या डोंगराच्या माथ्यावर उभा राहून हे ऐकत होतो. माझ्या मनात आलं की याच क्षणी या माणसाला त्याच्या सायकलसकट पोत्यात घालावं आणि लोटून द्यावं, म्हणजे तत्त्वही राहील आणि खालीही पोचतील.

मामी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "सातारा, पुढचा ब्रेक आधीं दाबायचा, कां मागचा?"

"मागचा आधी," मी सवयीने बोलून गेलो. "पुढचा हळूच. वळणाच्या अगोदर दाबायचा, वळणावर नाही. आणि नजर लांब ठेवायची."

"सरी," मामी म्हणाल्या.

त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली, सायकलवर बसल्या आणि गेल्या.

मामांचं व्याख्यान चालू होतं. ते मोहावर होते. वाक्याच्या मध्येच त्यांच्या डोळ्यांसमोरून काहीतरी सरकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नागपूरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. पहिल्या वळणावर रुमालाचं एक टोक फडफडलं आणि दिसेनासं झालं.

"ही कुठे गेली?"

"खाली," नागपूर म्हणाला.

"खालीं म्हणजे कशी?"

"बसून."

मामा उठले. गुडघा, पट्टा, तत्त्व, कशाचाही विचार न करता उठले. कठड्याला धरून तिच्या नावाने हाक मारली. मी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डोंगराने ते परत केलं. मामी परत आल्या नाहीत. मामांनी दुसरी हाक मारली, सायकल ओढली, टांग टाकली, आणि मला कळायच्या आत त्यांचं मागचं चाक माझ्यासमोरून गेलं.

पुढे जे झालं ते मी त्यांच्या मागोमाग सायकलवर बसून उतरताना पाहिलं आहे, त्यामुळे माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. मामा वाईट उतरले. भयंकर वाईट. कोपर बाहेर, गुडघे बाहेर, पाठ ताठ, शिडीला चाकं लावल्यासारखे. ब्रेक इतके ओरडत होते की झाडांवरची माकडं फांद्या बदलत होती. प्रत्येक वळणावर ते थांबायला आलेत असं वाटे, आणि खालच्या वळणावर मामींचा रुमाल दिसे, की पुन्हा सुटत. हाका चालूच होत्या. आधी नावाने, मग "अग थांब," मग "ब्रेक धर," मग नुसतंच "अय्यो." अर्ध्या घाटानंतर ब्रेकचं ओरडणं थांबलं. मला वाटलं ब्रेक तुटले. तुटले नव्हते. मामांनी सोडले होते. शेवटच्या लांब, सरळ उतारावर त्यांचा शर्ट फुगून पाठीवर शीड झाला होता आणि त्या फुगलेल्या शर्टातून एक आवाज येत होता, तो हाक नव्हती, सुविचार नव्हता, मी तरी तसा आवाज शाळेच्या सुट्टीच्या घंटेनंतरच ऐकला आहे.

दांड्यापलीकडे चहाच्या टपरीवर मामी बाकावर बसल्या होत्या. हातातला ग्लास निम्मा झालेला. सायकल व्यवस्थित स्टँडवर. टेम्पोवाला त्यांना बिस्किट देत होता.

मी आधी कर्तव्य केलं. फोन लावला.

"उतरले?" मुलीने विचारलं.

"उतरले. बसून."

"सगळा घाट?"

"वरची दहा-वीस पावलं सोडून सगळा."

"पडले?"

"नाही. थोडे उडाले."

"आणि अम्मा?"

मी मामींकडे पाहिलं. "अम्मा आधीच पोचल्या होत्या."

मग ती म्हणाली, "सायकली राहूं देत," आणि तिचा आवाज काही नीट येईना, म्हणून मी फोन ठेवला.

मामा सायकलवरून उतरले. एक पाय टेकला, दुसरा टेकला. केस उभे, डोळ्यांतून पाणी, कपाळावरची गंधाची रेघ वाऱ्याने कानापर्यंत गेलेली. नागपूरने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला आणि वसुलीच्या खात्यातला चेहरा धारण करून ते बाकापाशी गेले. टेम्पोवाल्याने बिस्किटाचा पुडा मागे घेतला.

"मी वरपासून खालपर्यंत हाका मारत होतों," मामा म्हणाले. "प्रत्येक वळणावर. तुला ऐकूं आल्या नाहींत?"

मामींनी चहाचा घोट घेतला.

"आल्या ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ब्रेक सोडला."